काळ्या कातडीचा भरवसा

गडचिरोली जिल्ह्यात डॉक्टरमंडळींसमोर कर्करोगाचा विषय काढला की बोलणे कुठे जाणार हे आधीच ठरलेले असते. खर्रा, म्हणून तोंडाचा कर्करोग, मग गर्भाशयमुखाचा, मग स्तनाचा. त्वचेचे नाव निघालेच तर ते एका वाक्यात मिटते: तो गोऱ्यांचा रोग, आपल्या काळ्या कातडीला तो धरत नाही. मेलॅनोमा वगळता त्वचेचे जे दोन मुख्य कर्करोग आहेत, बेसल सेल आणि स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, त्यांच्याबद्दल हे बोलले जाते. बोलणारे अडाणी नसतात. एमबीबीएस, बीएएमएस, कधी एमडी झालेले असतात आणि त्यांच्या हाताशी पुरावाही असतो. म्हणून हे मत थट्टेवारी नेण्यासारखे नाही. आधी त्याचा पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे.

पूर्वपक्ष असा. त्वचेतले मेलॅनिन सूर्याच्या अतिनील किरणांना अडवते. काळ्या त्वचेचे वरचे पटल गोऱ्या त्वचेच्या सुमारे चौपट संरक्षण देते, हे १९७९ सालीच मोजून झाले आहे. ऑस्ट्रेलियात सत्तरी गाठेपर्यंत तीनपैकी दोन माणसांना त्वचेचा कुठला ना कुठला कर्करोग होतो. भारतातल्या कर्करोग नोंदवह्यांत त्वचेचा वाटा शंभरात एक-दोनच्या आसपास घुटमळतो. राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणीसाठी निवडलेले कर्करोग तीनच: तोंड, स्तन, गर्भाशयमुख. शिवाय अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा भामरागडकडच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बसलेल्या डॉक्टरपुढे मलेरिया आहे, सिकलसेल आहे, सर्पदंश आहे, पावसाळ्यात नाल्यापलीकडे अडलेली बाळंतीण आहे. त्याने आणखी एका दुर्मिळ रोगाची काळजी का वाहावी? आणि वाहून करणार काय? शेवटी रुग्ण नागपूरलाच जायचा.

यातले जवळजवळ प्रत्येक विधान खरे आहे. चूक आहे ती त्यांवरून काढलेल्या निष्कर्षात, आणि ती तर्कशास्त्राच्या पहिल्या पाठातली चूक आहे. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती खरी. म्हणून धूर नाही तिथे अग्नी नाही, असे मात्र होत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याचा दाखला नैयायिकांनी याचसाठी देऊन ठेवला आहे. गोऱ्या कातडीवर ऊन पडत राहिले तर कर्करोग होतो, हे मान्य. त्यावरून उन्हापासून बचावलेल्या कातडीला कर्करोग नाही, हे सिद्ध होत नाही. तसे म्हणायचे तर ऊन हेच या रोगाचे एकमेव कारण आहे, हे आधी दाखवावे लागेल. आणि या रोगाचा इतिहास नेमके उलटे सांगतो.

कर्करोगाला बाहेरचे कारण असू शकते हे वैद्यकाला पहिल्यांदा उमगले ते त्वचेच्याच कर्करोगावरून. १७७५ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने धुराडी साफ करणाऱ्या पोरांच्या अंडकोशाच्या कातडीवरचा कर्करोग वर्णिला. कारण होते काजळी. प्रयोगशाळेत मुद्दाम घडवलेला पहिला कर्करोगही त्वचेचाच. १९१५ साली यामागिवा आणि इचिकावा या जपानी संशोधकांनी सशाच्या कानाला महिनोन्महिने डांबर चोळून तो घडवला. लंडनच्या धुराड्यात ऊन नव्हते आणि सशाच्या कानावरही ते नव्हते. आपल्याकडे काश्मिरात फिरनच्या आत पोटाशी कांगडी धरून बसणाऱ्यांच्या पोटावर आणि मांडीवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद १८६६ इतकी जुनी आहे. कापडाखाली झाकलेली, वर्षानुवर्षे शेकून जाळीदार काळी पडलेली ती कातडी. सूर्याचा तिथे संबंध काय?

आणि मराठी वाचकाला तर इतके लांब जायचेही कारण नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये पॅथॉलॉजीचा पाया घालणारे वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ साली अमेरिकेतल्या एका पॅथॉलॉजीच्या नियतकालिकात भारतीय चालीरीतींशी निगडित कर्करोगांवर निबंध लिहिला. त्यात एक प्रकार होता धोतराचा कर्करोग: कमरेला रोज त्याच जागी करकचून आवळलेल्या धोतराच्या काचाने कातडी काळवंडते, सोलवटते, पुन्हा भरते, पुन्हा सोलवटते आणि काही जणांत शेवटी तिथे स्क्वॅमस सेल कार्सिनोमा उभा राहतो. पुढे लुगड्याच्या आणि परकराच्या बाबतीतही तेच दिसले. अगदी २०२४च्या नोव्हेंबरात वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी मिळून दोन बायकांची हकिकत ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये छापली. एकीची कमरेवरची जखम दीड वर्ष भरत नव्हती, दुसरीची दोन वर्षे. दुसरीच्या जांघेतल्या गाठीपर्यंत रोग पोचलेला होता. वर्धा म्हणजे आपल्या शेजारच्या चंद्रपूरचा शेजार. ऐंशी वर्षांपूर्वी आपल्याच माणसाने लिहून ठेवलेली गोष्ट आपण परकरासकट विसरलो, आणि ‘आपल्याकडे तो होत नाही’ हे मात्र लक्षात ठेवले.

तेव्हा सिद्धान्त असा: काळ्या कातडीचा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा हा बहुतांशी उन्हाचा रोग नाही, तो न भरणाऱ्या जखमेचा आणि जुन्या चट्ट्याचा रोग आहे. त्याला शोधायचे तर चेहऱ्याकडे नंतर पाहावे. आधी तळपाय, नडगी, कंबर आणि भाजल्याचे व्रण पाहावेत.

हे मान्य केले की अहेरीचे चित्र पालटते, कारण न भरणाऱ्या जखमांची इथे वाण नाही. पहिली, कुष्ठरोगाची. गडचिरोली आणि चंद्रपूर हे राज्यातले कुष्ठरोगाचे जुने आणि अजूनही जागे जिल्हे. वरोऱ्याजवळचे आनंदवन याच मातीत उभे राहिले ते काही योगायोगाने नव्हे. बहुविध औषधोपचाराने जंतू मरतात, पण मेलेली नस परत येत नाही. बधिर तळव्याला भोक पडते, हाड सडते, थोडे भरते, धानाच्या बांधीत उतरले की पुन्हा उघडते. असा व्रण दहा-वीस वर्षे सांभाळून असलेली माणसे गावोगाव आहेत. त्यात एक विचित्र प्रशासकीय घोटाळा झाला. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोग २००५च्या डिसेंबरात देशातून दूर झाल्याचे जाहीर झाले. औषधे संपवलेला रुग्ण ‘उपचारमुक्त’ म्हणून सक्रिय यादीतून उतरतो. व्रण मात्र पायावरच राहतो. कुष्ठरोग विभागाच्या लेखी तो बरा झालेला, आणि कर्करोगाच्या कार्यक्रमाच्या लेखी तो कधी आलेलाच नाही.

दुसरी जखम भाजल्याची. हिवाळ्यात माडिया-गोंड घरात माणसे शेकोटीला पाय करून झोपतात. रांगते मूल चुलीत हात घालते. मिरगीचा झटका आलेला माणूस आगीवर पडतो आणि शुद्धीवर येईस्तोवर तसाच राहतो. मोठा भाजलेला भाग त्वचारोपण न करता नुसता आपोआप भरू दिला, विशेषतः गुडघ्यामागे, कोपरात, घोट्यावर, तर तिथली पातळ ताणलेली साय हालचालीने चिरत राहते. चट्ट्यातल्या अशा कर्करोगाला मार्जोलिन व्रण म्हणतात. फ्रेंच शल्यविशारद मार्जोलिन याने १८२८ साली चट्ट्यांवरच्या अशा व्रणांचे वर्णन केले. गंमत म्हणजे तो कर्करोग आहे हे खुद्द त्याला कळले नव्हते. भाजल्यापासून कर्करोग होईपर्यंत सरासरी तीसेक वर्षे जातात. म्हणजे पाचव्या वर्षी चुलीत पडलेली मुलगी पस्तिशीत, घरात कर्ती बाई असताना, दवाखान्यात येते, आणि तोवर ‘हे लहानपणचेच आहे’ असे तीही सांगते आणि डॉक्टरही मानतो.

याखेरीज हाडाच्या जुन्या जंतुसंसर्गाने पडलेली, वर्षानुवर्षे वाहणारी नाळी आहे. सिकलसेलच्या मुलांत हाडाचा जंतुसंसर्ग अधिक होतो, हेही इथे ध्यानात घ्यावे. त्वचेच्या क्षयाचे जुने चट्टे आहेत. अस्वलाने ओरबाडून नेलेल्या डोक्याच्या, चेहऱ्याच्या जखमा आहेत. हेमलकशाच्या लोकबिरादरी दवाखान्याने १९७३ पासून अशा जखमा बघितल्या आहेत. यादी वाढवण्यात अर्थ नाही.

आता कुणी म्हणेल, जखमा पुष्कळ असतील, त्यांतल्या कितींचा कर्करोग होतो? थोड्यांचा. हे मी लपवत नाही. पण तो ज्यांचा होतो त्यांचे काय होते ते पाहा. उन्हाने झालेला स्क्वॅमस सेल कार्सिनोमा शंभरात दोन ते पाच जणांत लसिकाग्रंथींपर्यंत किंवा पुढे पसरतो. भाजल्याच्या चट्ट्यातून उगवलेल्याबाबत काही रुग्णमालिकांनी हे प्रमाण वीस-तीसपर्यंत नोंदवले आहे. ‘त्वचेचा कर्करोग म्हणजे साधा, मरणाचे भय नसलेला’ ही पाठ्यपुस्तकी सांत्वना गोऱ्या रुग्णाच्या गालावरच्या गाठीवर बेतलेली आहे. ती जशीच्या तशी आलापल्लीच्या बाईच्या गुडघ्यामागच्या व्रणाला लावणे म्हणजे एका रोगाचे भाकीत दुसऱ्याच्या पत्रिकेत लिहिणे होय.

नोंदवह्यांचा मुद्दा राहिला. शंभरात एक-दोन हा आकडा खोटा नाही, पण तो काय मोजतो हे विचारावे. कर्करोगाची नोंद व्हायला कुणीतरी तुकडा काढावा लागतो, तो कुणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण नोंदवही चालते, कारण तिथे माणसे गावोगाव जाऊन रुग्ण शोधतात. एटापल्लीच्या आतल्या गावात पायाच्या व्रणाने सुकत सुकत गेलेल्या म्हाताऱ्याचे कारण ‘पायाला झाले होते’ एवढेच उरते. डॉक्टर तुकडा काढत नाही कारण रोग दुर्मिळ आहे, आणि रोग दुर्मिळ दिसतो कारण डॉक्टर तुकडा काढत नाही. या चक्राला पुरावा म्हणत नाहीत. सगळी न्यूनगणना भरून काढली तरी हा रोग मलेरियाइतका होणार नाही, हे खरेच. पण दुर्मिळपणाचा युक्तिवाद तेव्हाच चालतो जेव्हा सगळ्या लोकसंख्येत तो शोधायचा असतो. इथे धोका मूठभर माणसांत एकवटलेला आहे, आणि ती माणसे शोधायला गाव पालथे घालावे लागत नाही. ती आपणच होऊन दर आठवड्याला ड्रेसिंगला येतात.

खरा अडथळा अज्ञानाचा कमी आणि जखमेवर चिकटवलेल्या चिठ्ठीचा जास्त आहे. एकदा केसपेपरवर ‘कुष्ठव्रण’ लिहिले की पुढचा प्रत्येक डॉक्टर तेच वाचतो आणि पट्टी बदलतो. सिकलसेलच्या कार्डाचेही तसेच. पायावर न भरणारी जखम आणि खिशात सिकलचे कार्ड, म्हणजे जखम सिकलची, असे समीकरण सर्रास मांडले जाते. वेस्ट इंडिजमधल्या सिकल रुग्णांत पायाचे व्रण खूप आढळतात, हे पुस्तकातले वाक्य त्यामागे असते. पण मध्य भारतातल्या सिकल रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त टिकून असते आणि पायाचे व्रण त्यामानाने फार कमी दिसतात. म्हणजे सिकल असूनही व्रण असेल, तर इथे उलट जास्त शंका घ्यायला हवी.

जाता जाता कोरचीकडचा एक मुद्दा. त्या तालुक्याला लागून, छत्तीसगडच्या हद्दीत अंबागड चौकी भागात कौडीकसा हे गाव आहे. तिथल्या भूजलातल्या आर्सेनिकबद्दल आणि त्याने झालेल्या त्वचाविकारांबद्दल १९९९ साली ‘करंट सायन्स’मध्ये सविस्तर लिहिले गेले. आर्सेनिकचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की तळहात-तळपायांवर कुरुपासारखे कठीण दाणे येतात, अंगावर पावसाचे थेंब पडल्यासारखे फिके-गडद ठिपके उठतात, आणि पुढे कपड्याखालच्या, ऊन न लागलेल्या कातडीवर बोवेनचा विकार (कातडीच्या वरच्या थरापुरता कर्करोग) किंवा खोलवरचा कर्करोग होतो. सीमा प्रशासनाची असते. सोयरीक ती पाळत नाही. माहेर तिकडचे असलेल्या बाईच्या तळहातावर असे दाणे दिसले तर तिने लहानपणी कुठल्या बोअरचे पाणी प्यायले, हा प्रश्न वैद्यकीय आहे.

या सगळ्याचा अर्थ आता उलट ऑस्ट्रेलियाचे अनुकरण करावे असा कुणी घेईल, तर तेही खोडून ठेवतो. शहरातल्या परिषदांतून हल्ली दुसरे टोक ऐकू येते: प्रत्येक जनरल प्रॅक्टिशनरने डर्मोस्कोप घ्यावा, प्रत्येक तीळ तपासावा, सनस्क्रीनचा प्रचार करावा. ऑस्ट्रेलियाने १९८१ साली अंगात सदरा, अंगाला मलम, डोक्याला टोपी अशी मोहीम काढली, आणि तिथले सामान्य डॉक्टरच त्वचेच्या कर्करोगांचा मोठा वाटा कापून काढतात. त्यांच्या रोगाला ते शोभते. तेंदूपत्ता तोडायला पहाटे निघालेल्या माडिया माणसाला सनस्क्रीनची शिफारस करणे हा आपल्या शिक्षणाचा विनोद आहे. त्या पैशात बधिर पायासाठी एक मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल आली तर तिने कर्करोग जास्त टळेल. सनस्क्रीनचा एकच अपवाद, आणि तो पक्का: अल्बिनिझम असलेले मूल. त्याच्या कातडीत मेलॅनिन नसल्यात जमा. तिथे ऑस्ट्रेलियाचाच नियम लागतो. लांब बाह्या, रुंद काठाची टोपी, शेताऐवजी सावलीतले काम, आणि दर काही महिन्यांनी चेहरा, कान, मान, ओठ पाहणे. आश्रमशाळेच्या तपासणीत असे मूल दिसले तर ‘नजर अधू’ एवढे लिहून पुढे जाऊ नये.

आता पूर्वपक्षाचा शेवटचा आणि सगळ्यांत सभ्य वाटणारा भाग: हे काम तज्ज्ञाचे, आपण फक्त चिठ्ठी द्यायची. अहेरीहून गडचिरोली शंभर किलोमीटरहून जास्त, नागपूर त्याच्या दुपटीपलीकडे. ‘नागपूरला दाखवा’ ही चिठ्ठी लिहायला अर्धे मिनिट लागते. रुग्णाच्या बाजूने ती चार दिवसांची मजुरी, सोबतच्या माणसाचे भाडे, परक्या भाषेतली रांग, आणि तिथे पोचल्यावर पहिला प्रश्न, ‘बायोप्सीचा रिपोर्ट कुठाय?’ तो नसतोच. मग तुकडा काढतात, आठवड्याने या म्हणतात. माणूस गावी परततो तो परतलाच. पुजारी आणि झाडपाला जवळ असतात. दुसऱ्या फेरीला लागणारे पैसे नसतात. अशी चिठ्ठी म्हणजे उपचार झाला असे डॉक्टरने स्वतःला सांगितलेले असते.

तुकडा अहेरीतच काढता येतो, आणि काढला पाहिजे. त्याला शस्त्रक्रियागृह लागत नाही. लिग्नोकेन, ११ किंवा १५ नंबरचे पाते, एक चिमटा, दोन टाके, आणि बरणीत फॉर्मलिन: बाजारातल्या फॉर्मलिनचा एक भाग, पाण्याचे नऊ भाग, तुकड्याच्या निदान दहापट. स्पिरिटमध्ये किंवा सलाइनमध्ये टाकलेला तुकडा वाया जातो. तुकडा कुठून घ्यायचा हे महत्त्वाचे. व्रणाच्या मधली सडकी साय घेऊन उपयोग नाही. तिथे फक्त मेलेल्या पेशी सापडतात. कडेवरून, थोडी चांगली कातडी आणि थोडी उचललेली कड अशी पाचर, पुरेशी खोल. व्रण मोठा असेल तर दोन-तीन ठिकाणांहून, वेगवेगळ्या बरण्यांत. कुष्ठरोगाच्या बधिर तळव्यावर तर सुई टोचायचीही पुष्कळदा गरज पडत नाही. आणि फॉर्मलिनमधल्या तुकड्याला बर्फ लागत नाही, घाई लागत नाही. एसटीच्या पार्सलने तो चंद्रपूरच्या किंवा आता २०२४ मध्ये सुरू झालेल्या गडचिरोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाऊ शकतो. अंतर ही माणसाची अडचण आहे, तुकड्याची नव्हे.

कुणाचा तुकडा काढायचा? पाय खरोखर टेकवू न देता, जखम रोज धुऊन, सहा आठवडे नीट उपचार करूनही जी जखम लहान होत नाही, तिचा. कड आतून बाहेर उलटलेली, हाताला कडक लागणारी, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे कोंब आलेली, पट्टी काढताना भळकन रक्त येणारी, नेहमीपेक्षा वेगळा उग्र वास मारणारी जखम दिसली तर सहा आठवडेही थांबू नये. बधिर पाय अचानक दुखू लागला तर त्याच दिवशी. जांघेत हात घालून गाठी चाचपणे हे या तपासणीत सक्तीचे आहे. माझ्या अनुभवात तेच सर्वांत जास्त टाळले जाते, कारण लुगडे सैल करायला सांगावे लागते. सांगावे. परिचारिकेला जवळ उभे करून सांगावे, आणि त्याच वेळी कमरेचा काचही पाहून घ्यावा.

इथे एक लोकमत आडवे येते आणि ते फक्त लोकांचे नाही, बऱ्याच डॉक्टरांचेही आहे: ‘सुरी लागली की कॅन्सर पसरतो.’ हे मत कुठून आले ते समजते. तुकडा काढल्यावर सहा महिन्यांत माणूस गेला, हे लोकांनी पाहिलेले असते. तुकडा काढण्याआधीची चार वर्षे कुणी मोजत नाही. त्वचेच्या या कर्करोगांत तुकडा काढल्याने रुग्णाचे आयुष्य कमी होते असे दाखवणारा पुरावा नाही. मेलॅनोमासारख्या जास्त आक्रमक रोगातही तो सापडलेला नाही. पुराव्याने घातक ठरलेली सुरी वेगळी: निदान न करता चामखीळ समजून जाळणे, गाठ वरवर खरडून काढणे आणि काढलेला भाग कचऱ्यात टाकणे. तीच गत बिब्ब्याची. बिब्बा घातलेली गाठ पोळते, खपली पडते, वरून बरी दिसते आणि खाली वाढते.

चेहऱ्यावरचा बेसल सेल कार्सिनोमा इथे थोडक्यात उरकतो, कारण त्याचे वेगळेपण एकच आहे: आपल्या कातडीत तो बहुधा काळा असतो. पुस्तकातला मोत्यासारखा चमकणारा गुलाबी दाणा शोधत बसले तर नाकाच्या बाजूचा, डोळ्याच्या कोपऱ्यातला काळा, कडेला मणी ओवल्यासारखा, मधे खपली धरणारा ‘तीळ’ हुकतो. म्हातारपणी नव्याने आलेला आणि रक्त येणारा तीळ हा तीळ नव्हे, एवढे पुरे. तो सहसा पसरत नाही, पण डोळा आणि नाक खातो.

निदान झाल्यावर काय कुठे करायचे, यातही ‘सगळे वर पाठवा’ हा नियम टिकत नाही. धडावरचा किंवा हातापायावरचा दोन सेंटिमीटरच्या आतला बेसल सेल चार मिलिमीटर चांगली कातडी घेऊन काढला तर पंच्याण्णवांहून अधिक टक्के वेळा तो मुळापासून निघतो. वुल्फ आणि झिटेली यांनी १९८७ साली हे कडेकडेने मोजून दाखवले. छोट्या, कमी धोक्याच्या स्क्वॅमस सेलसाठीही ब्रॉडलँड आणि झिटेली यांनी १९९२ साली तेवढीच कड सुचवली, धोक्याच्या गाठींसाठी सहा. उपजिल्हा रुग्णालयात शल्यचिकित्सक असेल तर हे काम तिथेच होते. चेहऱ्याचा मधला भाग, पापणी, कान, आणि चट्ट्यातून किंवा जुन्या व्रणातून उगवलेला कुठलाही कर्करोग मात्र पाठवायचाच. त्याला दोन सेंटिमीटर किंवा अधिक कड, त्वचारोपण, कधी पाय, कधी जांघेच्या गाठी काढणे, कधी किरणोपचार लागतात. त्या वेळी हातात पॅथॉलॉजीचा कागद असला की पाठवण्याला अर्थ येतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि किरणोपचार बसतात, पण मंजुरीच्या कागदांत तो अहवाल हवा. २०१२ साली ही योजना राजीव गांधींच्या नावाने पहिल्या टप्प्यातल्या ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत गडचिरोली होता. योजनेचे वय आता कमी नाही. कमी आहेत ते अहवाल.

शस्त्रक्रियेनंतरची पाळतही इथलीच. स्क्वॅमस सेल परत येतो किंवा गाठीत उतरतो तो बहुतेक पहिल्या दोन वर्षांत. दर तीन महिन्यांनी व्रणाची जागा पाहणे आणि जांघ चाचपणे, यासाठी माणसाला नागपूरला बोलावणारी व्यवस्था त्याला गमावणार आहे. ते काम अहेरीतल्या कुठल्याही डॉक्टरचे आहे. आणि शोधण्याचे कामही नव्याने उभारायचे नाही. आशाताईंच्या हातात घरोघरी जोखीम विचारण्याचा जो सीबॅक तक्ता असतो त्यात तळहात-तळपायावर वारंवार व्रण होतो का, असा प्रश्न आधीच छापलेला आहे. तो कुष्ठरोगासाठी घातला आहे. ‘हो’ आले की कुष्ठरोगाची तपासणी होते, जुना उपचारमुक्त रुग्ण निघाला की प्रश्न तिथेच मिटतो. मिटू नये. त्याच ‘हो’पुढे जखम किती महिन्यांची आणि कड कशी, एवढे दोन रकाने हवेत.

एक आक्षेप उरतो आणि तो वजनदार आहे. डॉक्टरांना असे संशयी केले तर ते प्रत्येक कुष्ठव्रणाला कर्करोग म्हणतील आणि निष्कारण पाय तुटतील. ही भीती पोकळ नाही. एच. श्रीनिवासन आणि के. व्ही. देसिकन यांनी १९७१ साली हाडांच्या शस्त्रक्रियेच्या एका अमेरिकी नियतकालिकात कुष्ठरुग्णांच्या तळव्यावरच्या गड्ड्यासारख्या कोंबांवर लिहिले, आणि तिथला धडा दोन्ही बाजूंनी कापतो. असे सगळेच कोंब कर्करोगाचे नसतात. जुन्या जखमेच्या चिथावणीने कातडी नुसतीच उफाळून येते, आणि ती डोळ्यांना, कधी कधी वरवरच्या तुकड्यातही, हुबेहूब कर्करोगासारखी दिसते. म्हणूनच नुसते पाहून पाय कापायची शिफारस करणारा डॉक्टर आणि नुसते पाहून पट्टी बांधणारा डॉक्टर, दोघेही सारखेच चुकतात. अहवालात कर्करोग नाही असे आले तर कोंब खरवडून काढावा, सडलेले हाड असल्यास काढावे, पायाला प्लास्टर घालून भार उतरवावा आणि तारीख लिहून ठेवावी. सहा आठवड्यांनी कड तशीच उचललेली दिसली तर पुन्हा तुकडा, या वेळी अधिक खोलवरून.